‘उच्चकोटीचा’ या शब्दाचा वाद : केन अँडरसनच्या निमित्ताने

मूल्यवाचक शब्दांच्या तार्किक स्वरूपासंबंधी विसाव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडमध्ये जी चर्चा झाली, तिच्यातील दोन लेख अभ्यासकांच्या वाचनात आजही असतात. जे. ओ. अर्मसन याचा प्रतवारीविषयीचा लेख १९५० साली प्रसिद्ध झाला आणि डब्ल्यू. बी. गॅली याने काही संकल्पना स्वरूपतःच विवाद्य असतात हा सिद्धान्त १९५६ साली मांडला. अर्मसनने उदाहरण घेतले ते बाजारातील सफरचंदांच्या प्रतवारीचे. प्रतींची नावे ठरलेली, निकष सर्वमान्य. निकष जाणणाऱ्या माणसाने फळ पाहावे आणि प्रत सांगावी. गॅलीने मात्र एक काल्पनिक क्रीडास्पर्धा कल्पिली. तिच्यात अनेक संघ एकच खेळ खेळतात. परंतु कोणी वेगावर भर देतो, कोणी दिशेवर, कोणी बळावर. अजिंक्यपद अमुक दिवशी गुण मोजून दिले जात नाही. ज्याचा खेळ सर्वोत्तम तोच अजिंक्य असे मानले जाते, आणि म्हणून प्रत्येक संघाचे चाहते ते पद आपल्याच संघाचे आहे असे अखंड प्रतिपादन करीत राहतात.

गॅलीचे उदाहरण कृत्रिम आहे असा आक्षेप अनेकदा घेतला जातो. तो फारसा टिकणारा नाही, कारण अमेरिकेतील व्यावसायिक फुटबॉलच्या चाहत्यांमध्ये अशा प्रकारचा वाद प्रत्यक्षात पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. ‘अमुक क्वार्टरबॅक खरोखर उच्चकोटीचा होता काय?’ हे त्या वादाचे ठरीव रूप. त्यातील केन अँडरसन या खेळाडूचे प्रकरण तात्त्विक दृष्ट्या विशेष बोधप्रद आहे; कारण त्यात तथ्यांविषयी दोन्ही पक्षांत जवळजवळ काहीच मतभेद नाही, आणि तरीही वाद मिटत नाही.

खेळाशी परिचय नसलेल्या वाचकांसाठी थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. हा फुटबॉल आपल्याकडील फुटबॉल नव्हे. त्यात चेंडू मुख्यतः हाताने नेला व फेकला जातो. अकरा जणांच्या संघाला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकावे लागते. ते साधले की पुन्हा चार प्रयत्न मिळतात, न साधले तर चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. प्रत्येक प्रयत्नाच्या आरंभी चेंडू बहुधा ज्याच्या हाती येतो तो क्वार्टरबॅक. त्याने तो धावणाऱ्या सहकाऱ्याकडे द्यावा, स्वतः घेऊन पळावे, किंवा पुढे धावणाऱ्या सहकाऱ्याकडे फेकावा. हा निर्णय त्याने दोन-तीन सेकंदांत, अंगावर धावून येणाऱ्या प्रतिपक्षाच्या देखत घ्यायचा असतो. फेक सहकाऱ्याने झेलली तर ती सफल; प्रतिपक्षाने मध्येच पकडली तर केवळ तो प्रयत्न वाया जात नाही, चेंडूच हातचा जातो. संघाच्या यशापयशाचा एवढा मोठा भाग एका माणसाच्या हातून जाणारे दुसरे स्थान या खेळात नाही. परंतु ‘हातून जाणे’ आणि ‘हाताने घडणे’ या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि पुढील सर्व वादाचे मूळ या भेदात आहे.

अँडरसन हा इलिनॉय राज्यातील ऑगस्टाना या लहानशा महाविद्यालयाचा विद्यार्थी. १९७१ साली सिनसिनाटी बेंगल्स या संघाने त्याला तिसऱ्या फेरीत, एकूण सदुसष्टाव्या क्रमांकावर निवडले. १९८६ पर्यंतचे सोळा हंगाम तो त्याच एका संघाकडून खेळला. त्याच्या ४,४७५ फेकींपैकी २,६५४ सफल झाल्या. त्यांतून ३२,८३८ यार्ड मिळाले, १९७ वेळा टचडाउन साधला आणि १६० वेळा चेंडू प्रतिपक्षाच्या हाती गेला. १९७४, १९७५, १९८१ आणि १९८२ या चार हंगामांत संपूर्ण लीगमध्ये फेकीच्या गुणांकात तो पहिला होता. १९८१ साली तो लीगचा सर्वाधिक मोलाचा खेळाडू ठरला. १९८२ च्या हंगामात, जो खेळाडूंच्या संपामुळे नऊ सामन्यांचाच झाला, त्याच्या शंभरातील सत्तरांहून अधिक फेकी सफल झाल्या, आणि हा विक्रम २००९ साली ड्रू ब्रीझ याने अगदी अल्प फरकाने मोडीपर्यंत सत्तावीस वर्षे टिकला. असे असूनही ओहायो राज्यातील कँटन येथे या खेळाचे जे कीर्तिमंदिर आहे, त्याच्या २०२५ पर्यंतच्या एकाही वर्गात त्याचे नाव नाही. १९९६ आणि १९९८ या दोन वर्षी ते अंतिम यादीत आले, आणि दोन्ही वेळा तेथेच थांबले.

येथे प्रथम शब्दाचा विचार करणे इष्ट होईल. चाहते वापरतात तो शब्द ‘एलीट’. समाजशास्त्राच्या पुस्तकांतून त्याचे ‘अभिजन’ असे भाषांतर रूढ झाले आहे, पण ते येथे लावता येत नाही. क्वार्टरबॅकला कोणी अभिजन म्हणत नाही. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ केवळ ‘निवडलेला’ असा आहे, म्हणजे आपल्या ‘निवडक’ किंवा ‘वेचक’ याच्या जवळचा. तो निवडण्याची क्रिया सुचवितो, निवडीचा निकष सांगत नाही. आपला ‘श्रेष्ठ’ शब्द याहून सूचक आहे. वैयाकरण त्याची व्युत्पत्ती ‘प्रशस्य’ या शब्दावरून लावतात. ज्याची सर्वांत अधिक प्रशंसा करावी तो श्रेष्ठ. रूपाने तो अतिशयवाचक असल्यामुळे एका वेळी एकच श्रेष्ठ असावयास हवा. तरी मराठीत आपण ‘श्रेष्ठ कवी’ असे अनेकवचनी बोलतो आणि त्यात कोणाला विसंगती वाटत नाही. शब्द पहिल्या क्रमांकाचा राहिला नाही, एका कोटीचा झाला. ‘एलीट’चेही तसेच. कोटी म्हटली की सीमा आली. सीमारेषा कोठे ओढावी याचे उत्तर मात्र शब्दात नाही.

अर्मसनच्या सफरचंदांप्रमाणे ही सीमा निकषाने ठरविण्याचा एक प्रामाणिक प्रयत्न झालेला आहे, आणि तो या प्रकरणातील सर्वांत उद्‌बोधक भाग होय. १९७३ साली लीगने फेकीचा जो गुणांक स्वीकारला तो डॉन स्मिथ याच्या नेतृत्वाखालील समितीने तयार केला होता; आणि हा स्मिथ, योगायोग असा की, कँटनच्या कीर्तिमंदिराचाच अधिकारी होता. गुणांकाची रचना साधी आहे. सफल फेकींचे शेकडा प्रमाण, दर फेकीमागे मिळालेले यार्ड, टचडाउनचे शेकडा प्रमाण आणि गमावलेल्या फेकींचे शेकडा प्रमाण असे चार घटक घ्यावयाचे. प्रत्येक घटकास शून्यापासून २.३७५ पर्यंत गुण द्यावयाचे, आणि ते अशा बेताने की त्या काळच्या सामान्य कामगिरीस बरोबर १ मिळावा. शेकडा पन्नास सफल फेकी, फेकीमागे सात यार्ड, शेकडा पाच टचडाउन आणि शेकडा साडेपाच गमावलेल्या फेकी ही ती सामान्य कामगिरी. चारही गुणांच्या बेरजेस सहाने भागून शंभराने गुणले की गुणांक येतो. सर्वसामान्य खेळाडूचा तो ६६.७ आणि कमाल १५८.३.

अँडरसनचे आकडे या सूत्रात घातल्यास चार घटकांचे गुण अनुक्रमे सुमारे १.४७, १.०८, ०.८८ आणि १.४८ असे येतात व गुणांक ८१.९ निघतो. त्याचे स्वरूपही यात उघड होते. त्याचे वैशिष्ट्य अचूकपणात आणि चेंडू न गमावण्यात होते. टचडाउनच्या संख्येत तो समितीने धरलेल्या सामान्य पातळीच्याही किंचित खाली आहे. आता तुलनेसाठी कीर्तिमंदिरातील तीन समकालीन घ्यावेत. टेरी ब्रॅडशॉ (प्रवेश १९८९) याचा गुणांक ७०.९, केन स्टेबलर (२०१६) याचा ७५.३, आणि जो नेमथ (१९८५) याचा ६५.५, म्हणजे सूत्राने सामान्य मानलेल्या पातळीहूनही कमी. नेमथने १७३ टचडाउन साधले आणि २२० वेळा चेंडू गमावला.

चाहत्यांचा एक पक्ष येथे थांबतो व प्रश्न सुटला असे मानतो. परंतु तो सुटत नाही, कारण दुसरा पक्ष हे सर्व आकडे मान्य करूनच बोलू लागतो. त्याचे म्हणणे असे की, क्वार्टरबॅकचे काम फेकीची सरासरी राखणे नव्हे, सामने जिंकून देणे हे आहे. ब्रॅडशॉच्या संघाने १९७४ ते १९७९ या सहा हंगामांत चार अजिंक्यपदे मिळविली. स्टेबलरने एक मिळविले. नेमथने जानेवारी १९६९ मध्ये बलाढ्य मानल्या गेलेल्या बाल्टिमोर संघाविरुद्ध आपण जिंकणार असे आधी जाहीर सांगितले आणि संघ १६–७ असा जिंकला. अँडरसनच्या नावावर अजिंक्यपद नाही; बाद फेरीत त्याच्या संघाने दोन सामने जिंकले आणि चार गमावले.

हा युक्तिवाद हास्यास्पद नाही. मात्र तो ज्या सामन्यावर अखेर टेकतो तो सामना बारकाईने पाहिला पाहिजे. २४ जानेवारी १९८२ रोजी मिशिगन राज्यातील पाँटिअॅक येथे सुपर बोलचा अंतिम सामना झाला व त्यात सॅन फ्रान्सिस्कोने सिनसिनाटीस २६–२१ असे हरविले. अँडरसनच्या ३४ पैकी २५ फेकी सफल झाल्या. त्याने ३०० यार्ड मिळविले, दोन टचडाउन फेकीने आणि एक स्वतः धावून साधला. विजयी संघाचा जो मोंटाना याने २२ पैकी १४ फेकींत १५७ यार्ड मिळविले, आणि सामन्याचा सर्वाधिक मोलाचा खेळाडू तो ठरला. एकूण यार्डही हरलेल्या संघाचेच अधिक होते : ३५६ विरुद्ध २७५. मात्र अँडरसनच्या दोन फेकी प्रतिपक्षाच्या हाती गेल्या. त्यांतील पहिली तर सॅन फ्रान्सिस्कोच्या गोलरेषेजवळ, गुण हाताशी आलेले असताना. मोंटानाची एकही गेली नाही. म्हणून सूत्राप्रमाणे त्या दिवशीचा अँडरसनचा गुणांक ९५.२ येतो आणि मोंटानाचा नेमका १००. ज्या मोजमापावर अँडरसनचे समर्थक विसंबतात तेच मोजमाप त्या एका दिवसापुरते प्रतिपक्षाच्या बाजूने साक्ष देते. ही गोष्ट समर्थकांच्या लेखनात क्वचितच आढळते.

तथापि त्याच सामन्याच्या तिसऱ्या भागात सिनसिनाटीचा संघ गोलरेषेपासून तीन यार्डांवर आला होता. पुढील चार प्रयत्नांपैकी तीन वेळा चेंडू पीट जॉन्सन या धिप्पाड धावपटूकडे दिला गेला आणि शेवटच्या वेळी तो एका यार्डावर अडविला गेला. एका प्रयत्नात अँडरसनची फेक चार्ल्स अलेक्झांडरने झेलली, परंतु डॅन बन्झ याने त्याला रेषेच्या अलीकडेच पाडले. फेक सफल, आकड्यात नोंद चांगली, फलित शून्य. सामना पाच गुणांनी गेला आणि टचडाउनचे सहा गुण असतात. जॉन्सन एक यार्ड पुढे सरकला असता तर अँडरसन उच्चकोटीचा ठरला असता काय? जो पक्ष ‘होय’ म्हणतो त्याला असे मान्य करावे लागते की, एका माणसाची योग्यता दुसऱ्याच्या पायावर अवलंबून असते. जो ‘नाही’ म्हणतो त्याने अजिंक्यपदाचा निकष सोडलेलाच असतो.

या सामन्यातील दुसरा एक धागा श्रेयाच्या वाटणीचा प्रश्न अधिकच गुंतागुंतीचा करतो. सॅन फ्रान्सिस्कोचा प्रशिक्षक बिल वॉल्श हा १९७५ पर्यंत सिनसिनाटीत होता आणि अँडरसनला घडविण्याचे काम त्यानेच केले होते. लहान, वेळेवर व ठरलेल्या जागी फेकी करून प्रतिपक्षास हळूहळू मागे सारण्याची जी पद्धती पुढे वॉल्शच्या नावाने प्रसिद्धीस आली, ती प्रथम सिनसिनाटीत आकारास आली. १९७६ च्या आरंभी पॉल ब्राउन प्रशिक्षकपदावरून निवृत्त झाला तेव्हा ते पद वॉल्शला न मिळता बिल जॉन्सन याला मिळाले, आणि वॉल्श निघून गेला. यावरून आक्षेपकांनी असा निष्कर्ष काढला की, अँडरसनची अचूकता ही पद्धतीची होती, त्याची नव्हती. वॉल्श गेल्यानंतर १९७८ ते १९८० हे त्याचे हंगाम मध्यम गेले ही वस्तुस्थिती या मतास बळ देते. परंतु १९८१ साली, फॉरेस्ट ग्रेग या प्रशिक्षकाच्या हाताखाली, पहिल्याच सामन्यात त्याला खेळ चालू असता बाहेर बसविण्यात आल्यानंतर, त्याने त्या हंगामात ९८.४ हा आपला सर्वोच्च गुणांक मिळविला. वॉल्श तेव्हा दोन हजार मैलांवर होता. पद्धतीचे श्रेय पद्धतीस देताना ती चालविणाऱ्याचे काय, हा प्रश्न मोंटानाच्या बाबतीत कोणी फारसा विचारीत नाही.

निकष सर्वांना सारखा लावला जातो काय, हे पाहण्यासाठी त्यापूर्वीच्या पंधरवड्यातील एक सामना पुरेसा आहे. १० जानेवारी १९८२ रोजी सिनसिनाटी येथे उणे ९ अंश फॅरनहाइट तापमानात, बोचऱ्या वाऱ्यात, उपांत्य सामना झाला. सॅन डिएगो संघाचा क्वार्टरबॅक डॅन फाउट्स होता. अँडरसनने २२ पैकी १४ फेकी सफल केल्या, दोन टचडाउन साधले. फाउट्सच्या दोन फेकी प्रतिपक्षाच्या हाती गेल्या. सिनसिनाटी २७–७ असे जिंकले. फाउट्स आयुष्यात कधीही सुपर बोलमध्ये खेळला नाही. त्याचा एकंदर गुणांक ८०.२, म्हणजे अँडरसनपेक्षा थोडा कमी. त्याला १९९३ साली कीर्तिमंदिरात प्रवेश मिळाला. फाउट्स अपात्र होता असे यातून सुचवावयाचे नाही. त्याच्या यार्डांची एकूण संख्या अँडरसनपेक्षा पुष्कळच मोठी होती. परंतु अजिंक्यपद हा अनिवार्य निकष असेल तर तो फाउट्सला बाहेर ठेवतो, आणि नसेल तर अँडरसनविरुद्धचा मुख्य आक्षेप उरत नाही. निकषाचा उपयोग एकास अडविण्यासाठी व्हावा आणि दुसऱ्याच्या वेळी तो विसरला जावा, हा तर्कदोषच होय. त्याला ‘विवाद्य संकल्पना’ असे भारदस्त नाव देऊन झाकता येणार नाही.

गॅलीच्या सिद्धान्ताची मर्यादा येथे दिसते. स्वरूपतः विवाद्य संकल्पनेविषयीचे सर्वच वाद सारख्या योग्यतेचे नसतात. गमावलेल्या फेकीस किती महत्त्व द्यावे, एका अत्युच्च हंगामास अधिक मोल की सोळा सातत्यपूर्ण हंगामांस, यांसारखे प्रश्न खरोखर विवाद्य आहेत. समंजस माणसे त्यांवर अखेरपर्यंत भिन्न मते बाळगू शकतात. परंतु वादाचा बराच भाग निराळ्या कारणांनी चालू असतो. त्यातील एक कारण म्हणजे संस्थेचे नावच. कँटनचे मंदिर ‘कीर्ती’चे आहे. कीर्ती ही गुणाहून वेगळी वस्तू आहे. नेमथची कीर्ती निर्विवाद होती आणि त्या दृष्टीने त्याचा प्रवेश सर्वस्वी उचित म्हणता येईल. सिनसिनाटीसारख्या मध्यम शहरात, पिट्सबर्गच्या विजयी संघाच्या शेजारी, ज्याने आपली बहुतेक कारकीर्द घालविली त्याची कीर्ती मर्यादित राहिली. त्या मंदिराचे मतदार कधी कीर्ती मोजतात, कधी गुण, आणि दोहोंस एकच शब्द वापरतात.

दुसरे कारण काळाचे आहे, आणि ते अधिक सूक्ष्म आहे. १९७८ साली नियम बदलले. चेंडू झेलण्यास धावणाऱ्यास पाच यार्डांपलीकडे धक्के देण्यास बंदी झाली, आणि क्वार्टरबॅकचे रक्षण करणाऱ्यांस हात पसरून प्रतिपक्षास थोपविण्याची मुभा मिळाली. त्यानंतर फेकीचे आकडे सर्वत्र वाढत गेले. गुणांकाचे सूत्र मात्र तेच राहिले, त्यामुळे ज्या १ गुणाने एके काळी सामान्यत्व दर्शविले जाई तो पुढे सामान्याहून खालची पातळी दर्शवू लागला. अँडरसनचे १९७४ व १९७५ चे अग्रस्थान जुन्या नियमांखालचे आहे. १० नोव्हेंबर १९७४ रोजी पिट्सबर्गविरुद्ध त्याच्या २२ पैकी २० फेकी सफल झाल्या, आणि तो बचाव त्या काळातील अत्यंत कणखर मानला जातो. आजचा तरुण चाहता ८१.९ हा आकडा पाहून तो मध्यम ठरवितो, तेव्हा तो खोटे बोलत नसतो. तो एका काळाचे माप दुसऱ्या काळाच्या कापडास लावीत असतो.

‘उपेक्षित’ या शब्दाचाही थोडा विचार करावयास हवा. कमी लेखला गेला असे म्हणताना वक्ता दोन मूल्यांकने गृहीत धरतो : एक लोकांनी केलेले, दुसरे यथार्थ. म्हणजे ‘ज्याची त्याची आवड’ असे म्हणून वाद संपविण्याचा मार्ग अँडरसनच्या समर्थकास मोकळा नसतो. त्याची तक्रारच अशी आहे की, निवड चुकली. आणि चूक होण्यासाठी काहीतरी बरोबर असावे लागते. विशेष हे की, प्रतिपक्षही ते नाकारीत नाही. दोघेही पुरावे देतात, उदाहरणे काढतात, एकमेकांची विसंगती दाखवितात. केवळ अभिरुचीच्या प्रश्नात असे कोणी करीत नाही. आंबा आवडतो की फणस, यावर कोणी चाळीस वर्षांचे आकडे मांडीत नाही.

आकडे, निकषांचा सारखेपणा आणि काळाचे भान या तिन्ही दृष्टींनी पाहता अँडरसनची गणना आपल्या काळातील पहिल्या चार-पाच क्वार्टरबॅकमध्ये करावी लागते, आणि ज्या कोटीत फाउट्स व स्टेबलर बसतात तिच्यातून त्याला वगळण्यास समाधानकारक कारण दिसत नाही. अंतिम सामन्यातील गोलरेषेजवळची ती गमावलेली फेक त्याच्या हिशेबात राहील. तिचे ओझे एवढे मोठे मानावे काय, एवढाच खरा विवाद्य प्रश्न उरतो.

मतदाराला मात्र असा प्रश्न उरवून ठेवता येत नाही. कँटनच्या प्रवेशास शेकडा ऐंशी मते लागतात, आणि २०२४ पर्यंत अखेरच्या मतपत्रिकेवर ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढेच म्हणता येई. ज्या १९९८ साली अँडरसनचे नाव अंतिम यादीतून परतले, त्याच वर्षी त्याच्यापुढे उभे राहून त्याचे रक्षण करणारा सहकारी अँथनी म्युनोझ आत गेला. २०२१ साली सिनसिनाटीच्या संघाने आपल्या मैदानावर गौरवमंडल स्थापिले. संस्थापक पॉल ब्राउन व म्युनोझ यांच्या जोडीस आणखी दोन नावे निवडण्याचा अधिकार हंगामी तिकिटे घेणाऱ्या प्रेक्षकांस देण्यात आला होता. त्यांनी निवडलेली नावे केन अँडरसन आणि केन रायली ही होती. रायली २०२० साली वारला होता. २०२३ साली कँटननेही त्याला प्रवेश दिला.